जुन्या इनोव्हाची खटखट: आधी काय तपासायचं, मग काय बदलायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २००९ची डिझेल इनोव्हा, २ लाख ७० हजार किलोमीटर झालेली, तीन वर्षांपूर्वी एका टूरवाल्याकडून घेतलेली. गाडी रत्नागिरीत असते. खड्ड्यातून जाताना पुढून डावीकडे खटखट वाजतं, ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, ८ महिन्यांपूर्वी टाकलेले लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश पुन्हा फाटले आणि तीनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करूनही पुढचे टायर आतल्या कडेनं झिजतायत. एक गॅरेजवाला म्हणतो पुढचं सगळं बदला, ४८ हजार लागतील. दुसरा म्हणतो दोन हजारात लिंक रॉड टाका आणि पळवा. दिवाळीत आई-वडिलांना घेऊन आंबा घाटातून कोल्हापूर आणि पुढे तुळजापूर करायचंय, तर ऐकायचं कुणाचं?

कोल्हापुरात माझं २६ वर्षांपासून गॅरेज आहे. हात बसला तो क्वालिसवर, आणि २००५ मध्ये इनोव्हा आली तेव्हापासून ती खालून बघतोय. तुम्ही लिहिलंय त्यावरून एक गोष्ट मला खटकली. दोघांपैकी एकानंही गाडी उचलून, टॉमी (लोखंडी पहार) लावून, कुठल्या जॉइंटला किती प्ले (ढिलेपणा) आहे हे तुम्हाला दाखवलेलं नाही. एकानं किलोमीटर बघून सांगितलं, दुसऱ्यानं आवाज ऐकून. म्हणून ४८ हजार की दोन हजार हा वाद आत्ता बाजूला ठेवू. आधी दोन ढीग करायचे: जीवाला धोका असलेले जॉइंट एकीकडे आणि नुसते कानाला त्रास देणारे दुसरीकडे.

कारण या गाडीत आवाज आणि धोका यांचं गणित बरेचदा उलटं असतं. लिंक रॉड, म्हणजे स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याच्या) टोकाला असतो तो बोटाएवढा दांडा, सगळ्यात जास्त बोंब मारतो. छोट्या खड्ड्यात, कच्च्या रस्त्यावर, कमी वेगात, टकटक टकटक. तो समजा तुटला तरी गाडी वळणावर जरा जास्त कलते, आवाज येतो, पण चाक आपल्या जागेवर राहतं. लोअर बॉल जॉइंटचं, म्हणजे खालचा आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोळा-वाटीच्या सांध्याचं, तसं नाही. इनोव्हाला पुढे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म आहेत आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली आहे. त्यामुळे त्या कोपऱ्याचं सगळं वजन लोअर बॉल जॉइंटमधून चाकाकडे जातं. वजनानं तो सतत एका बाजूला दाबलेला असतो, म्हणून आत झिजला तरी बराच काळ गप्प बसतो. वाजायला लागतो तेव्हा फारसं काही उरलेलं नसतं.

गगनबावड्याकडचं एक गिऱ्हाईक होतं. त्यांनी दुसरीकडे लिंक रॉड बदलून घेतले, आवाज गेला, सगळे खूश. दोन महिन्यांनी मंगल कार्यालयाच्या आवारात गाडी मागे घेताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि डावं चाक बाहेर फाकून मडगार्डखाली मोडून पडलं. बॉल जॉइंट वाटीतून निसटला होता. वेग नव्हता म्हणून मडगार्ड, ब्रेकचा होज (रबरी नळी) आणि टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा) एवढ्यावर भागलं. तीच गाडी आदल्या दिवशी पाच माणसं घेऊन करूळ घाट उतरली होती. त्यानंतर खटखटीची तक्रार घेऊन आलेली कुठलीही इनोव्हा बॉल जॉइंट बघितल्याशिवाय मी सोडत नाही, गिऱ्हाइकाला घाई असली तरी.

हे तपासायचं कसं ते नीट सांगतो, कारण इथेच चांगले चांगले फिटर चुकतात. जॅक चासीला लावून चाक लोंबकळू दिलं तर स्प्रिंग खालच्या आर्मला जोरात खाली ढकलत राहते. जॉइंट ताणलेलाच राहतो आणि प्ले जाणवत नाही. जॅक लावायचा तो लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितकं जवळ जमेल तितकं. चाक जमिनीपासून दोनएक इंच उचललं की स्प्रिंगचा भार आर्मवरून जॅकवर जातो आणि जॉइंट मोकळा होतो. आता टायरखाली लांब टॉमी घालून चाक वर उचला, सोडा, पुन्हा उचला. दुसऱ्या माणसानं बॅटरी मारून आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये बघायचं. तिथे उघड हालचाल दिसली की चर्चा संपली, तो जॉइंट बदलायचा. ओम्नी, इको यांसारख्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, वरचा आर्म नाही अशा) गाड्यांत हिशोब उलटा असतो. तिथे भार स्ट्रटवरून जातो, त्यामुळे गाडी बॉडीला उचलून चाक लोंबतंच ठेवायचं. बरेच फिटर एका गाडीची सवय दुसऱ्या गाडीला लावतात आणि ‘ओके आहे’ म्हणून सोडून देतात.

चाक हवेत आहे तोवर आणखी दोन गोष्टी करून घ्या. घड्याळाच्या १२ आणि ६ या जागी हात ठेवून चाक आत-बाहेर हलवा. खडखडलं तर घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ वर हात ठेवून तसंच करा. इथे प्ले असेल तर टाय रॉड एंड (टाय रॉडचं चाकाकडचं टोक) किंवा आतला रॅक एंड (स्टिअरिंगच्या रॅककडचं, म्हणजे दातेरी दांड्याकडचं टोक). रॅक एंड रबरी बुटाच्या आत लपलेला असतो. बूट बोटांनी दाबून धरायचा आणि दुसऱ्याला चाक हलवायला सांगायचं, आत ‘टक्’ हाताला लागतं. बूट फाटला असेल तर मात्र प्ले असो-नसो, काम निघालंच समजा, कारण कोकणातला पावसाळा आणि लाल माती आत गेली की रॅकचं पॉलिश फार दिवस टिकत नाही. बुटात तेल साचलेलं सापडलं तर रॅकचं सील गेलंय. ते खर्चिक काम आहे, पण गळती किरकोळ असेल आणि पॉवर स्टिअरिंगच्या टाकीतलं तेल महिनोन्‌महिने उतरत नसेल तर ते दिवाळीनंतर केलं तरी चालेल. तेल एटीएफ, डेक्सरॉन ग्रेडचं, भलतं काही ओतू नका. आणि स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेऊन तिथेच दाबून धरायची सवय असेल तर ती सोडा, पंप आणि होज दोन्ही त्यात मरतात.

एक सावधगिरी. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नका, चासीला स्टँड हवाच. इनोव्हाचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे पुढचं उचलताना तो कामाचा, मागचं उचलताना कुचकामी. मागून उचलायची असेल तर पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा.

आता तुमचे बुश. ८ महिन्यांत फाटले म्हणून तुम्ही दुकानदाराला शिव्या घातल्यात. माल हलका असू शकतो, नाकारत नाही. पण मला संशय बसवणाऱ्या हातावर आहे. लोअर आर्मचा बुश ही बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोघांना चिकटलेलं रबर अशी चीज असते. बोल्ट आवळला की आतली नळी चासीला पक्की होते. त्यानंतर आर्म वर-खाली झाला की फिरत काही नाही, रबर पिळतं आणि परत जागेवर येतं. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर रबराची ‘सरळ’ अवस्था ती लोंबकळती अवस्था ठरते. मग गाडी खाली उतरवल्याक्षणी रबर कायमचं पिळलेलं. उभ्या गाडीतसुद्धा. वर खड्डा आला की आणखी पीळ. अशा बुशची बाहेरची कड काही महिन्यांत चिरायला लागते, ओरिजिनल असला तरी.

बरोबर पद्धत सोपी आहे, फक्त वेळ खाते. बोल्ट हातानं बसवायचे, चाकं लावायची, गाडी जमिनीवर उतरवायची, पुढचं बंपर दोनचार वेळा दाबून गाडी बसू द्यायची, आणि मग गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा चार चाकांच्या रॅम्पवर नेऊन, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच बोल्ट शेवटचे आवळायचे. तुमच्या मिस्त्रीला एवढंच विचारा: ‘आर्मचे बोल्ट शेवटी कुठे आवळता, वर की खाली?’ उत्तर ऐकून त्याच्याकडे काम द्यायचं की नाही ते तुम्हाला कळेल. आणि जुना बुश काढताना आर्मवर घणाचे घाव घालू देऊ नका. प्रेस लागतो. आमच्याकडे प्रेस येण्याआधी आम्ही आर्म उद्यमनगरात नेऊन बुश दाबून आणायचो, अर्धा दिवस जायचा, पण आर्मचं भोक अंडाकृती होत नव्हतं.

टायर आतून खाण्याचा संबंध याच्याशीच आहे. फाटक्या बुशवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे हलत्या पाटावर ठेवलेलं वजन. मशीनवर गाडी उभी असते तेव्हा आकडे बरोबर येतात, रस्त्यावर ब्रेक मारला की आर्म मागे सरकतो आणि टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते) बदलतो. दुसरं म्हणजे, या गाडीत लोअर आर्मच्या बोल्टवर कॅम (फिरवून आर्म सरकवायच्या चकत्या) असतात आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) तिथून जुळवतात. समुद्राकाठच्या गाड्यांमध्ये हे बोल्ट बुशच्या नळीत गंजून असे जाम होतात की पाना लावला तर डोकं फिरतं, बोल्ट फिरत नाही. मग अलाइनमेंटवाला काय करतो? टाय रॉड फिरवून फक्त टो लावतो आणि पैसे घेतो. तुमच्या तीन अलाइनमेंटपैकी एकीतही कॅमला हात लागला नसावा असं मला वाटतं. आधीचा आणि नंतरचा प्रिंट मागा. दोन्हींमध्ये कॅम्बरचा आकडा जसाच्या तसा लाल, म्हणजे मापाबाहेर, दिसत असेल तर माझा अंदाज खरा. बुश बदलताना हे बोल्ट आणि कॅम नवे टाकायचे, नळीत ग्रीस लावून. गंजलेले बोल्ट कधी कधी कटरनं कापूनच काढावे लागतात. त्याची मजुरी वेगळी लागते, ती मागितली तर तो लुबाडतोय असं समजू नका.

टायरवर हात फिरवूनही बरंच कळतं. बाहेरून आत फिरवताना गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना करवतीसारखं लागलं तर टो चुकलाय. एकसारखी आतली कड झिजलीय तर कॅम्बर बघा. गोलावर जागोजागी खळगे पडलेत तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग. दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत असेल तर हवा कमी ठेवलीत. हवेचा आकडा दाराच्या स्टिकरवरून घ्या, माणसं आणि सामान भरून जाताना तिथला लोडचा आकडा.

८०च्या थरथरीला बहुतेक वेळा सस्पेन्शन जबाबदार नसतं, ती चाकातून येते. सस्पेन्शन ढिलं असेल तर ती जास्त जाणवते इतकंच. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाका आणि त्याच रस्त्यावर पळवून बघा. थरथर स्टिअरिंगमधून सीटकडे गेली तर दोष चाकात आहे: बॅलन्सिंग, वाकलेली रिम, किंवा आतून तारा सुटून फुगलेला टायर. टायरच्या बगलेवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. तुमचे टायर नक्षी भरपूर दिसत असली तरी सात-आठ वर्षांचे निघाले तर बाकी कशावरही खर्च करण्याआधी ते बदला. थरथर फक्त ब्रेक मारतानाच येत असेल तर डिस्क बघा, तो वेगळा विषय.

शॉकअपबद्दल लोकांचा एक समज आहे की बंपर दाबून सोडलं आणि गाडी एकदाच उसळली तर शॉकअप चांगले. इनोव्हासारख्या जड गाडीत या चाचणीवर मी फार विसंबत नाही. शॉकअपच्या अंगावर तेलाचा नुसता ओलसर थर असेल तर लगेच घाबरू नका. ओघळ असेल, किंवा टायरवर खळगे असतील, किंवा गतिरोधकानंतर गाडी डोलतच राहत असेल तर जोडीनं बदला. एका बाजूचा एक कधीच नको. स्प्रिंग बसलीय का ते बघायला सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा. टूरच्या गाड्या आयुष्यभर भरून पळालेल्या असतात, फरक निघतो.

मागचं सस्पेन्शन तर कुणी बघतच नाही. तिथे सलग अॅक्सल आहे, त्याला चार लिंक आणि एक आडवा लॅटरल रॉड. मिळून १० बुश. लॅटरल रॉडचे बुश गेले की घाटात वळण सोडताना मागून कुणी ढकलल्यासारखं वाटतं. चालवणारा स्टिअरिंग सावरत राहतो आणि दोष पुढच्या बाजूला देतो. दोघं जण गाडी बाजूनं हलवत असताना तिसऱ्यानं खाली बघितलं की रॉडचं टोक उडताना दिसतं. हे बोल्टसुद्धा गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच आवळायचे.

पार्ट कुठला घ्यायचा? माझा नियम साधा आहे. जो तुटला तर चाक किंवा स्टिअरिंग हातातून जातं, त्याला ओरिजिनल किंवा नाव असलेल्या कंपनीचाच, पक्क्या बिलावर. म्हणजे दोन्ही बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, रॅक एंड. लिंक रॉड आणि स्टॅबिलायझरचे डी-बुश मध्यम प्रतीचे चालतात, वर्षा-दोन वर्षांनी बदलावे लागले तरी परवडतं. लोअर आर्म बुशसकट आख्खा नवा मिळतो, स्वस्त लोकल आर्मही मिळतात, पण त्यांच्या भोकांचं माप मी फसलेलं पाहिलंय. जुना आर्म सरळ आणि गंज वरवरचा असेल तर त्यातच चांगले बुश दाबा. ओरिजिनल म्हणून डुप्लिकेट खपवणारे सगळीकडे आहेत, त्यामुळे पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि जुने पार्ट घरी घेऊन या.

बसवतानाची एक बारीक गोष्ट. बॉल जॉइंटच्या नटाला खाचा असतात आणि त्यातून स्प्लिट पिन जाते. भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे सोडायचा नाही. जुनीच पिन सरळ करून पुन्हा घातलेली दिसली तर तिथल्या तिथे नवी मागा, ती दोनपाच रुपयांची वस्तू आहे.

आता हे सगळं तुमच्या गाडीवर लावून बघू. गाडी समोर नसताना मी छातीठोक सांगू शकत नाही. मागच्या मालकानं काय काय बदललंय, गंज किती आहे, यावर बरंच अवलंबून आहे. पण पैज लावायची झाली तर खटखट बहुतेक लिंक रॉडची, म्हणजे दुसरा गॅरेजवाला आवाजाबाबत बरोबर. आतून टायर झिजणं बुश आणि जाम कॅमचं. थरथर चाकांची. आणि २ लाख ७० हजारात लोअर बॉल जॉइंट कधी बदलल्याचं बिल नसेल तर प्ले जेमतेम असला तरी मी दोन्ही बाजूंचे बदलेन, कारण आर्म खाली उतरवलेलाच असतो, मजुरी पुन्हा पडत नाही. वरचे बॉल जॉइंट, टाय रॉड, शॉकअप हे तपासणीत दोष निघाला तरच. या हिशोबानं तुमचं काम त्या ४८ हजारांच्या बरंच खाली बसायला हवं.

क्रम असा ठेवा: आधी टायर आणि बॅलन्सिंग, मग बॉल जॉइंट, बुश, कॅम-बोल्ट आणि लिंक रॉड एकाच बैठकीत, आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, एकदाच. बुश बदलायच्या आधी कुणी अलाइनमेंट करून देत असेल तर गाडी फिरवून घरी आणा.

दिवाळीचं म्हणाल तर, तपासणीत लोअर बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये हालचाल दिसली तर आंबा घाट राहू द्या, गाडी गावातसुद्धा चालवू नका, गॅरेजवाल्याला घरी बोलवा. हे दोन्ही घट्ट असतील आणि वाजतो फक्त लिंक रॉड, तर आई-वडिलांना घेऊन बिनधास्त या, आवाज सहन करा, काम परत आल्यावर करा. काम आधीच केलंत तर निघायच्या आत निदान ४००-५०० किलोमीटर गाडी चालवून घ्या आणि एकदा सगळे नट-बोल्ट पुन्हा पान्यानं बघून घ्या. चाकांचे नट धरून.